तलावातला स्ट्रायपर आणि त्याची गळाची मासेमारी

स्ट्राइप्ड बास, ज्याला अमेरिकेत सगळे नुसतं स्ट्रायपर म्हणतात, हा खरं तर समुद्रातला मासा. शास्त्रीय नाव मोरोने सॅक्सॅटिलिस. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीपासून खाली फ्लोरिडापर्यंतचा अटलांटिक किनारा आणि मेक्सिकोच्या आखाताचा उत्तरेकडचा काठ हे त्याचं मूळ घर, राहतो खाऱ्या पाण्यात आणि वसंतात अंडी घालायला नद्यांमध्ये वर चढतो. अंग चंदेरी, त्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या सात-आठ काळ्या रेघा. समुद्रातला गळाने पकडलेला विक्रमी मासा 2011 मध्ये कनेटिकटजवळ मिळाला, 37 किलोच्या आसपास, आणि तलाव-नद्यांत अडकलेल्यांमधला 2013 मध्ये अलाबामात, तो साधारण साडेएकतीस किलोचा. नवशिक्याने हे आकडे वाचून सोडून द्यावेत, तलावात बहुतेक वेळा दोन-तीन किलोचाच मासा लागतो आणि तोही हात दुखवतो.

समुद्रातला मासा तलावात आला कसा, तर योगायोगाने. साउथ कॅरोलायनात सँटी नदीवर 1941-42 च्या सुमारास धरण झालं, मॅरियन आणि मोल्ट्री असे दोन मोठे जलाशय तयार झाले आणि वर आलेले स्ट्रायपर आतच राहिले. मग लक्षात आलं की हे मासे समुद्राशिवाय नुसते जगत नाहीयेत तर पिल्लंही होतायत. 1960 च्या दशकात त्याच राज्यातल्या मॉन्क्स कॉर्नरच्या हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं तयार करायच्या केंद्रात, हार्मोनचं इंजेक्शन देऊन अंडी काढायचं तंत्र बसलं, आणि मग एकामागून एक राज्यांनी आपापल्या जलाशयांत पिल्लं सोडायला सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी ती अजूनही सोडावीच लागतात, कारण याची अंडी वाहत्या पाण्यात साधारण दोन दिवस तरंगत राहिली तरच फुटतात, तळाला बसली की गाळात गुदमरतात, आणि एवढी लांब मोकळी नदी वरच्या अंगाला फार थोड्या तलावांना असते.

टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरचा लेक टेक्सोमा हा अशा भाग्यवान तलावांपैकी एक. 1944 मध्ये पूर्ण झालेल्या डेनिसन धरणाचा हा जलाशय, त्यात रेड आणि वॉशिटा अशा दोन लांब नद्या येतात, त्यामुळे इथे स्ट्रायपर आपला आपण वाढतो. डॅलसपासून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तिथल्या मराठी मंडळींना सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्यासारखं. शिकायला सुरुवात करायची तर इथूनच करावी असं माझं मत, मासे भरपूर आणि पहिल्या खेपेला सोबत न्यायला गाइडही भरपूर.

आता मुख्य गोष्ट. नवशिका माणूस दुकानात उभा राहून कुठलं आमिष घेऊ यावर तासभर घालवतो, पण स्ट्रायपरच्या बाबतीत आमिष हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न मासा आत्ता कुठे आहे. लार्जमाउथ बास हा तलावातला दुसरा मासा झुडपात, बुडक्या झाडाखाली दबा धरून बसतो तसा हा बसत नाही, हा उघड्या पाण्यात टोळीने फिरतो आणि शॅड नावाच्या छोट्या माशांच्या मागे जातो. काल जिथे तासाभरात पाटी भरली तिथे आज एकही नाही असं सर्रास होतं. म्हणून बोटीवर फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, असेल तर तो नीट वाचायला शिकणं हे महागड्या रॉडपेक्षा जास्त कामाचं: शॅडचा ढग दिसला आणि त्याच्या खाली किंवा बाजूला जाड कमानी, म्हणजे मोठे मासे, दिसल्या की थांबायचं, नाही दिसल्या तर दोरी पाण्यात टाकूच नका, पुढे चला.

ऋतूप्रमाणे जागा बदलते. वसंतात मोठे मासे नदीच्या तोंडाकडे आणि तिथून वर सरकतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि परत शरद ऋतूत पहाटे ते शॅडला वर रेटत आणतात आणि पाणी उकळल्यासारखं खदखदायला लागतं, हे बघायला तरी एकदा जावंच. अशा वेळी इंजिन चालू ठेवून थेट टोळीत घुसणारा माणूस सगळ्यांच्या शिव्या खातो आणि त्या योग्यच असतात, कारण मासे लगेच खाली जातात. लांबूनच इंजिन बंद करायचं, वारा बोटीला नेईल अशा बाजूने यायचं आणि टोळीच्या पलीकडच्या कडेला टॉपवॉटर प्लग, म्हणजे पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष, किंवा सॉफ्ट प्लास्टिकचा स्विमबेट, म्हणजे खोटा मासा, फेकायचा. वर खळबळ करणारे बहुतेक लहान असतात, मोठे त्यांच्या खाली जखमी शॅड गोळा करत फिरतात, तेव्हा एखादी जड स्लॅब, म्हणजे शिशाचा चपटा तुकडा, खाली सोडून बघावी. थंडीत सीगल पक्षी हाच फिशफाइंडर. ते एका जागी पाण्यावर झेपा घ्यायला लागले की खाली कोणीतरी शॅड वर हाकतंय हे नक्की, नुसते पाण्यावर बसून असतील तरी जवळपास एक चक्कर मारायला हरकत नाही.

भर उन्हाळा सगळ्यात अवघड आणि तोच नीट समजून घ्यायचा. मोठ्या स्ट्रायपरला 24-25 अंशांच्या वरचं पाणी सोसत नाही म्हणून तो थंडाव्याला खाली जातो, पण तलावाचं पाणी उन्हाळ्यात थरांमध्ये विभागतं आणि खालच्या थंड थरात ऑक्सिजन संपत जातो. वर गरम, खाली हवा नाही, मधल्या पट्टीत काय ते राहायचं, आणि ही पट्टी फारच आक्रसली तर मोठे मासे मरून वर येतात. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की त्या पट्टीच्या खाली सोडलेलं आमिष वाया गेलं.

नवशिक्यासाठी सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे जिवंत शॅड लावून डाउनलाइन, म्हणजे शिशाच्या वजनाने दोरी बोटीखाली सरळ उभी सोडायची. सात फुटी जरा दणकट रॉड, 15 ते 20 पौंडी दोरी, 30 ते 60 ग्रॅमचं शिसं, त्याखाली स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग तीन-चार फूट फ्लुरोकार्बनची लीडर (पाण्यात सहसा न दिसणारा शेवटचा दोरा) आणि सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ. शॅडच्या नाकपुडीतून हुक घालायचा आणि मासे ज्या खोलीवर दिसतायत त्याच्या थोडं वरच थांबवायचा, कारण स्ट्रायपर वर बघून खातो, खाली वाकून नाही. रॉड वाकला की झटका मारायचा मोह आवरा!! सर्कल हुक आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो, झटक्याने उलट सुटून येतो, नुसतं रीळ फिरवत राहायचं. ड्रॅग, म्हणजे रिळातून दोरी सुटू देणारा ब्रेक, सैल ठेवा, पहिली धाव जोरात असते.

शॅड जिवंत ठेवणं हे मासा पकडण्याइतकंच कटकटीचं काम. पागाने, म्हणजे फेकायच्या गोल जाळ्याने, पहाटे उथळ पाण्यात धरतात आणि गोल टाकीत ठेवतात, चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात ते नाक आपटून मरतात. पाण्यात थोडं मीठ, हवेचा पंप सतत चालू आणि गर्दी कमी. बोटच नसेल तर काठावरून शॅडचे तुकडे तळाला टाकून बसतात, डेनिसन धरणाच्या खाली रेड नदीतही लोक काठावरूनच धरतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या लेक मीड आणि लेक पॉवेल या जलाशयांकडे याच कामाला अँचोव्ही या छोट्या समुद्री माशाचे गोठवलेले तुकडे चालतात. जॉर्जियातल्या लेक लेनियरवर आमिषाला ब्लूबॅक हेरिंग हा छोटा मासा. बऱ्याच तलावांत रात्री पुलाखाली दिवा सोडायचा, दिव्याला शॅड आणि शॅडला स्ट्रायपर.

टेक्सोमावर एकाच राज्याचं लायसन्स दुसऱ्या राज्याच्या पाण्यात चालत नाही, पण दोन्हीकडे चालणारं खास टेक्सोमा लायसन्स मिळतं. तिथे बरीच वर्षं दिवसाला दहा मासे आणि त्यात 20 इंच किंवा त्याहून मोठे फक्त दोन असा नियम आहे, जायच्या आधी ताजे नियम बघून घ्या. पॉवेलमध्ये उलट, मासे इतके वाढतात की शॅड संपवून स्वतःच उपाशी राहतात, म्हणून तिथे संख्येची मर्यादाच नाही. मोजताना हायब्रिड ओळखता यायला हवा: तो स्ट्रायपर आणि व्हाइट बास यांचा संकर, त्याच्या रेघा तुटक असतात, आणि टेक्सोमाच्या मोजणीत दोन्ही एकत्रच धरतात. उन्हाळ्यात खोलातून काढून सोडलेला मासा पोहत गेला तरी बऱ्याचदा नंतर मरतो, तेव्हा त्या दिवसांत पकडा आणि सोडा हा खेळ खेळू नये, खाण्यापुरते घ्यावेत आणि थांबावं.

हाताळताना पाठीवरचे काटे आणि कल्ल्याची धार सांभाळा, खालचा ओठ धरला तर काही होत नाही, दात बारीक खरखरीत असतात. मासा लगेच बर्फात टाकायचा. फिले, म्हणजे काट्यापासून सोडवलेले मांसाचे तुकडे, काढल्यावर कातडीखालचा तांबडा पट्टा पूर्ण कापून टाका, उग्र वास त्यातच असतो, तो काढला की पांढरं घट्ट मांस रव्यात घोळून तळायला किंवा कालवणाला मस्त. आणि निघताना बोटीतलं, टाकीतलं सगळं पाणी तिथेच रिकामं करायचं, कारण 2009 मध्ये टेक्सोमात झेब्रा मसल हे उपद्रवी शिंपले सापडले आणि पाणी भरून नेलेली बोट दुसऱ्या तलावाला तीच लागण करते. टेक्ससमध्ये तसा कायदाच आहे, त्यामुळे उरलेले शॅड त्याच पाण्यात ठेवून दुसऱ्या तलावावर न्यायचा विचार सोडून द्या.