ओझरचा कारखाना वालचंदांचा नव्हे

नाशिकमध्ये वर्षानुवर्षे सांगितलं जातं की देशातला पहिला विमान कारखाना ओझरला, उद्योगपती वालचंद हिराचंदांनी काढला. हे खरं नाही.

वालचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' काढली ती बेंगळुरूला, म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत. यंत्रसामग्री आणि कारागिरीसाठी अमेरिकन विमान-उद्योजक विल्यम पॉली यांची मदत होती. 1941 मध्ये तिथे हार्लो पीसी-5 हे प्रशिक्षण विमान जुळवलं गेलं. पुढच्याच वर्षी, युद्धाच्या धामधुमीत, सरकारने कारखाना ताब्यात घेतला. वालचंद 1953 मध्ये गेले, तेव्हा ओझरला कारखाना नव्हताच.

ओझरचा कारखाना आला तो मिग-21 या लढाऊ विमानांसाठी. सोव्हिएत परवान्याने ही विमानं बनवायला सरकारने 1963 मध्ये 'एरोनॉटिक्स इंडिया' ही वेगळी कंपनी काढली. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी विभागणी ठरली. म्हणजे 'अख्खं मिग ओझरला बनायचं' हेही अर्धसत्यच. सुरुवातीला तयार संच जोडले गेले, मग एकेक सुटा भाग इथे बनू लागला. हा टप्पा सगळ्यात अवघड असतो, कारण प्रत्येक भाग मूळ जिग (भाग नेमक्या जागी धरणारा साचा) आणि मापांना तंतोतंत जुळावा लागतो.

गोंधळ नावाचा आहे. 1 ऑक्टोबर 1964 ला दोन्ही कंपन्या एकत्र होऊन 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स' झाली. इंग्रजी आद्याक्षरांनी आधीचीही एचएएल, नंतरचीही एचएएल. म्हणून बेंगळुरूचा 1940 चा इतिहास सरसकट ओझरच्या फाटकावर चिकटवला जातो. मिग-21, मिग-27, सुखोई-30 हा ओझरचा स्वतःचा वारसा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.