रहस्यनभोनाट्ये, रात्रीची (अमेरिका)

अमेरिकेच्या रेडिओवर १९३० नंतर सुमारे तीन दशके चाललेली रहस्य व भयकथांची नाट्ये, आणि ती बंद पडल्यावर श्रोत्यांच्या मनात त्यांच्याविषयी राहिलेली ओढ. या ओढीत एक विसंगती आहे. आठवणींत ही नाट्ये हटकून मध्यरात्रीची असतात. प्रत्यक्षात बहुतेक गाजलेल्या मालिका रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, घरची सारी मंडळी जागी असताना लागत. झोपायची वेळ झालेल्या मुलांना तीच मध्यरात्र वाटे, हे एक कारण. दुसरे कारण १९७४ नंतरच्या पुनरुज्जीवनात सापडते.

या प्रकाराचा आरंभ कोणता, याबद्दल एकमत नाही. जुलै १९३० मध्ये सीबीएस या देशव्यापी रेडिओ-जाळ्यावर सुरू झालेल्या गुप्तहेरकथांच्या कार्यक्रमात ‘द शॅडो’ हा गूढ हसणारा निवेदक अवतरला. काही जण तेथून गणना करतात. मात्र तो त्या वेळी केवळ निवेदक होता. कथानायक म्हणून त्याची मालिका १९३७ मध्ये आली. म्हणून न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर केंद्रावरून मे १९३१ च्या सुमारास सुरू झालेली, अलोन्झो डीन कोल यांची ‘द विचेस टेल’ ही मालिका पहिली मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तीत म्हातारी चेटकीण गोष्ट सांगे. गोष्टीबाहेर उभे राहून श्रोत्याला भिववणारा यजमान ही या नाट्यांची पुढची खूण तिच्यापासून रुळली असावी.

खऱ्या अर्थाने मध्यरात्रीची मालिका म्हणजे ‘लाइट्स आउट’. विलिस कूपर यांनी ती जानेवारी १९३४ मध्ये शिकागोत सुरू केली. त्या वेळेला प्रायोजक मिळत नसत आणि त्यामुळे लेखकाला मोकळीक असे. १९३५ च्या आरंभी ती थांबवली तेव्हा श्रोत्यांच्या मागणीमुळे काही आठवड्यांतच परत आणावी लागली. १९३६ पासून लेखन आर्च ओबोलर यांच्याकडे गेले. मुंडके तुटल्याचा आवाज कोबीचा गड्डा चिरून, हाडे मोडल्याचा बरगड्यांचे मांस मोडून, तर विजेच्या खुर्चीतल्या मरणाचा तव्यावर डुकराचे मांस परतून काढीत, ही माहिती सर्वत्र आढळते.

‘इनर सँक्टम मिस्टरीज’ (१९४१–५२) या मालिकेची करकरणारी दरवाजाची कडी-बिजागरी हे या स्मरणरंजनाचे मुख्य दैवत होय. निर्माते हायमन ब्राउन (१९१०–२०१०) यांच्या सांगण्यानुसार एका स्टुडिओच्या तळघराचे दार उघडताना कुरकुरे आणि त्यावरून त्यांना कल्पना सुचली. मालिकेला त्यांनी आधी योजलेले नावही करकरत्या दारावरूनच होते. पुढे सायमन अँड शुस्टर या प्रकाशनाच्या रहस्यकादंबऱ्यांच्या मालेचे नाव घेतले गेले. प्रसारणात मात्र तो आवाज दाराचा नव्हताच, गंजलेल्या फिरत्या खुर्चीचा होता, असे दुसरी परंपरा सांगते. कोणीतरी भल्या मनाने त्या खुर्चीला तेल घातले आणि ऐन वेळी ध्वनिसंयोजकाला तोंडाने करकर काढावी लागली, असा किस्साही तिला जोडलेला आहे. दोन्ही हकिकती एकमेकींना खोडून काढीत नाहीत: कल्पना दारावरून, आवाज खुर्चीचा, असे मानायला हरकत नाही. तेलाचा किस्सा मात्र जरा जास्तच चपखल वाटतो. दारानंतर यजमान रेमंड एडवर्ड जॉन्सन प्रेतांवरून कोट्या करीत. १९४० च्या दशकात लिप्टन चहाची जाहिरात करणारी मेरी त्यांना त्याबद्दल दटावी, आणि खुनाच्या गोष्टीत मध्येच चहाची वाखाणणी होई. ऑर्गनवादकाला ओळखीची सुरावट वाजवण्यास ब्राउन यांची मनाई होती.

सीबीएसची ‘सस्पेन्स’ (१९४२–६२) ही याच वळणाची, पण अधिक प्रतिष्ठित मालिका. हॉलिवुडचे नामवंत नट तीत येत. ल्यूसिल फ्लेचर लिखित ‘सॉरी, राँग नंबर’ हे नाट्य २५ मे १९४३ रोजी झाले. अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीच्या कानी फोनवर खुनाचा बेत पडतो, एवढेच कथाबीज. अभिनेत्री ॲग्नेस मूरहेड यांनी ते मालिकेत एकूण आठ वेळा सादर केले. ३० सप्टेंबर १९६२ रोजी ही मालिका संपली. अमेरिकन रेडिओनाट्याच्या सुवर्णकाळाची अखेर सहसा याच तारखेला मानतात.

ब्राउन यांनी ६ जानेवारी १९७४ रोजी ‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’ सुरू केले. दार तेच, यजमान ई. जी. मार्शल, पहिल्या नाट्यात पुन्हा मूरहेड. १९८२ च्या अखेरपर्यंत १,३९९ नवी नाट्ये झाली. सकाळी वाचन आणि दुपारपर्यंत ध्वनिमुद्रण असा ब्राउन यांचा झपाटा होता. संलग्न केंद्रे आपापल्या सोयीने वेळ ठरवीत आणि पुष्कळदा ती रात्री उशिराची असे. सूर्यास्तानंतर आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातील) मध्यम लहरी शोषणारा ‘डी’ थर विरळ होतो व मध्यम लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे ५० किलोवॉटचे दूरचे केंद्रही रात्री खरखरत, आवाज कमीजास्त होत ऐकू येई. उशीखालचा ट्रान्झिस्टर, एकाच कानात घालायचा इअरफोन, दूरच्या शहराचे हवामान ही आज ‘जुन्या रेडिओ’च्या नावावर सांगितली जाणारी सामग्री बव्हंशी या काळातली आहे, कारण खिशात मावणारे ट्रान्झिस्टर संच १९५४ च्या अखेरीस बाजारात येऊ लागले. चाळीसच्या दशकातील श्रोत्याजवळ दिवाणखान्यातला लाकडी संच होता.

ही ओढ कशावर जगली, हेही जे उरले त्यावरून ठरले. सुरुवातीची नाट्ये थेट प्रक्षेपित होत. पश्चिम किनाऱ्यासाठी काही तासांनी तोच नटसंच पुन्हा उभा राही. नोंद ठेवायची तर १६ इंची, लाखेसारखा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर, एका बाजूस सुमारे १५ मिनिटे. ‘सस्पेन्स’ची नऊशेहून अधिक नाट्ये उपलब्ध आहेत, तर कूपर यांच्या काळातील ‘लाइट्स आउट’चे ध्वनिमुद्रण जवळजवळ नाहीच. साहजिकच गौरव ‘सस्पेन्स’च्या वाट्याला अधिक आला. १९७० च्या दशकात संग्राहकांनी टेपांची देवघेव सुरू केली. लॉस एंजेलिस परिसरातील ‘स्परड्व्हॅक’ ही जुने रेडिओ कार्यक्रम जतन करणारी संस्था १९७४ ची. ‘मिस्टरी थिएटर’च्या अनेक प्रती श्रोत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवलेल्या असून त्यांत त्या रात्रीच्या स्थानिक बातम्या आणि जाहिराती तशाच आहेत. काही संग्राहक त्या कापतात, काहींना नाट्यापेक्षा त्यांचेच मोल जास्त.

अन्य देशांपैकी ब्रिटनमध्ये बीबीसीची ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’ (१९४३ पासून) हे ठळक उदाहरण. तिचे लेखक जॉन डिक्सन कार यांनी ‘सस्पेन्स’साठीही लिहिले होते. दक्षिण आफ्रिकेत स्प्रिंगबोक रेडिओवर करकरत्या दाराच्याच नावाची मालिका होती. तिचा काळ १९५० किंवा १९६० च्या दशकातला सांगतात. यांपैकी दुसरा अधिक संभाव्य दिसतो.