‘दोन फूट वर’ आणि ‘दोन फुटांच्या वर’

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिली चौकशी एकच: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती? ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे आकडे पोरांनाही पाठ. माझ्या भाच्यानं इंग्रजीच्या वहीत लिहिलं, ‘वॉटर इज अबव्ह टू फीट फ्रॉम डेंजर लेव्हल.’ खाली शेरा आला, ‘मराठीत विचार करू नकोस.’ मला हा शेरा पटला नाही. मराठीत विचार केला असता तर तो चुकलाच नसता!

आपण म्हणतो, ‘धोका पातळीच्या दोन फूट वर’. इंग्रजीत, ‘टू फीट अबव्ह द डेंजर लेव्हल’. ‘दोन फूट’ दोन्हीकडे ‘वर’च्या आधीच आहे. जागा बदलली ती फक्त धोका पातळीनं.

ती का बदलते, हा भाग मला फार आवडतो. ‘पुलाखाली थांबला’ आणि ‘वेटेड अंडर द ब्रिज’ शेजारी ठेवा. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत आधी. पण ‘खाली’ दोन्हीकडे क्रियापदाला चिकटून बसलंय. ‘खाली’सारखं शब्दयोगी अव्यय क्रियापद आणि नाम यांना सांधतं, म्हणून ते दोघांच्या मध्ये राहिलं की ऐकणाऱ्याला जोडणी सोपी जाते. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये ३० भाषा ताडून दाखवलं, की क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत अशी अव्ययं बहुतेक वेळा नामानंतरच येतात. जपानी, तुर्की, तमिळ, सगळ्या मराठीच्या पंगतीत. फारसी मात्र अपवाद: क्रियापद शेवटी, तरी अव्यय नामाआधी. तेव्हा अमुक भाषेची रचना ‘सर्वांत शास्त्रीय’ म्हणून फिरणाऱ्या निरोपांवर विश्वास ठेवू नका. दोन्ही रचना माणसाच्या मेंदूला सारख्याच पेलतात.

आता भाच्याची खरी चूक. इंग्रजीत ‘अबव्ह’नंतर जे येतं, तिथून वर मोजायचं. ‘अबव्ह टू फीट’ म्हणजे दोन फुटांहून जास्त. मराठीत हाच फरक सामान्यरूप (प्रत्ययाआधी ‘फूट’चं ‘फुटां’ होणं) दाखवतं: ‘दोन फूट वर’ हे अंतर, ‘दोन फुटांच्या वर’ ही ओलांडलेली मर्यादा.

आणि ‘पाणी ४५ फुटांवर’? पोचलं की ओलांडलं, दोन्ही अर्थ निघतात. २०१९ चा महापूर पाहिलेल्या गावात पुराचा निरोप पुढे पाठवताना तरी ‘४५ फुटांपर्यंत’ किंवा ‘४५ फुटांच्या वर’ असं स्पष्ट लिहा.