गेम खेळणाऱ्या पोराला माणसांचं टेन्शन नसतं म्हणे!

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात कधीपासून हेच ऐकतोय की मोबाईलवर गेम खेळणारं पोरगं एकलकोंडं, त्याला माणसांशी काही घेणंदेणं नाही. साफ चूक आहे हे. बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या गेममधे एका स्क्वॉडमधे, म्हणजे टीममधे, ४ जण असतात, हेडफोनवर सतत बोलणं चालू, आणि मॅच मधेच थांबवता येत नाही, म्हणून आईने शेवभाजी वाढून हाक मारली तरी तो "पाचच मिनटं" म्हणतो, कारण उठला तर बाकीचे तिघं अडकतात, पॉइंट जातात, मग शिव्या, नाहीतर पुढच्या वेळी टीममधे घेतच नाहीत. पोरींचं तर अजून अवघड, आवाज ऐकला की घाण बोलतात म्हणून कित्येकजणी माईकच बंद ठेवतात. हे सगळं माणसांचंच टेन्शन आहे ना! फोन हिसकावण्याआधी एकदा विचारा, कोण काय बोललं रे तुला?