जन्मतारीख १ जून, बुद्ध्यांक ८०

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं, की १ जूनला जन्मलेल्यांची दाटी दिसते. पोराला वेळेत पहिलीत बसवायचं, नेमकी तारीख घरात कुणाला सांगता येत नाही, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आता जन्मदाखले सहज मिळतात. तरी ऊसतोड कामगारांच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) जन्मलेल्या, तोडणीच्या टोळीबरोबर फिरणाऱ्या मुलांच्या बाबतीत अंदाजाची तारीख आजही लागू शकते.

बुद्ध्यांकाच्या हिशेबात ही तारीख काय करते ते पाहू. बिने-कामत या मुलांची बुद्धिमत्ता मोजण्याच्या जुन्या चाचणीत वयाच्या पायरीप्रमाणे प्रश्न लावलेले असतात. ज्या पायरीवरचं सगळं मुलाला येतं तो पाया धरायचा. लहान वयोगटात त्यापुढे सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाला दोन महिने मिळतात. समजा, पाच वर्षांच्या पायरीवरचं सगळं आलं, म्हणजे ६० महिने. आणि वरच्या पायऱ्यांवरचे मिळून दहा प्रश्न सुटले. मानसिक वय झालं ८० महिने. रजिस्टरप्रमाणे वय आठ वर्षं चार महिने, म्हणजे १०० महिने. ८० ला १०० ने भागून १०० ने गुणलं, बुद्ध्यांक ८०. पण मूल खरोखर १ जूनला नव्हे, पुढच्या फेब्रुवारीत जन्मलेलं असेल, तर वय ९२ महिने आणि बुद्ध्यांक ८७. मूल तेच, उत्तरं तीच.

हे सात गुण किरकोळ नाहीत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, ठरवण्याची जी पद्धत केंद्र सरकारने २०१८ मध्ये घालून दिली, तिच्यात बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच वाचन-लेखनाची पुढची तपासणी होती. जादा वेळ, लेखनिक या सवलतींचा रस्ता तिथूनच पुढे जात होता. नव्या चाचण्यांत असा भागाकार नसतो, म्हणून त्या यातून सुटतात असं मात्र नाही. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीत दर चार महिन्यांच्या वयाला वेगळं कोष्टक आहे. तारीख चुकली, की कोष्टकही चुकीचंच उघडलं जातं.

आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली, तेव्हा तीत ३० प्रश्न होते. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळं शिकवता यावं, एवढाच उद्देश. बुद्धी जन्मजात ठरलेली असते आणि ती वाढवता येत नाही, या समजुतीविरुद्ध बिनेने १९०९ मध्ये स्पष्ट लिहिलं. भागाकाराची कल्पना त्याची नव्हे. ती १९१२ ची, विल्यम स्टर्नची. १९१६ मध्ये अमेरिकेत ल्युइस टर्मनने त्या भागाकाराला १०० ने गुणलं आणि मदतीच्या यादीचा एक आकडा झाला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला १९३० च्या दशकात ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ते काम मोलाचंच होतं. परभाषेतले प्रश्न नुसते भाषांतरित करून चालत नाही, आपल्या मुलांवर ते ताडून घ्यावे लागतात, हे त्यातून दिसलं.

पण ती मुलं तेव्हाची. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की अनेक देशांत दर दहा वर्षांनी चाचणीतले गुण सरासरी तीनेक अंकांनी वाढत गेले. म्हणून जुन्या प्रमाणकांवर, म्हणजे तेव्हाच्या मुलांवरून बेतलेल्या मोजपट्टीवर, आजचं मूल तपासलं, की आकडा फुगून येण्याची शक्यता असते आणि बौद्धिक अक्षमतेसाठी मदतीची गरज असलेलं मूल त्या मदतीच्या (८५ च्या नव्हे) रेषेच्या वर जाऊन बसतं. चुकीची तारीख आकडा एका बाजूला ओढते, जुनं प्रमाणक दुसऱ्या बाजूला.

आजच्या चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५ धरतात. साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये येतात. उत्तम चाचणीतही मोजमापाची तीनेक गुणांची चूक गृहीत असते. त्यामुळे अहवालात ८२ लिहिलं असेल, तर दोन्ही बाजूंना त्या चुकीच्या दुप्पट धरून ते ७६ ते ८८ असं वाचायला हवं. हा पट्टा अहवालात छापलेला नसेल तर तो मागून घ्यावा, कारण ८५ ची रेषा त्या पट्ट्याच्या आतच आहे.

आता चाचणीच्या खोलीत येऊ. लाल-पांढरे ठोकळे मुलापुढे ठेवतात, कार्डावरची नक्षी त्यांतून जुळवायची असते आणि तपासणाऱ्याच्या हातात स्टॉपवॉच असतं. नक्षी बरोबर जुळली, पण वेळ संपल्यावर, तर गुण शून्य. मग अंक येतात, सेकंदाला एक या चालीने: ५, ८, २, ६. ऐकून तसेच म्हणायचे, नंतर उलटे. कानात मळ साठलेलं, सर्दीने कान बसलेलं मूल इथे ‘स्मरणशक्ती कमी’ ठरतं. म्हणून आधी कान आणि डोळे तपासलेले हवेत. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी असतं. शब्दांचे अर्थ मराठीत विचारले, तर निम्मी परीक्षा भाषेचीच होते. शिष्यवृत्तीच्या ‘बुद्धिमत्ता चाचणी’ची गाईडं घोकलेल्या मुलाला आकृत्यांची मालिका ओळखीची असते, दुसऱ्याला तो प्रकारच नवा. सरावाने गुण वाढतात. हुशारी तेवढीच वाढते असं नाही.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात तंग असताना, आणि बिलाचे पैसे हाती आल्यावर आकृत्यांची कोडी दिली. त्याच माणसांना पैसे आल्यावर जास्त कोडी सुटली. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा व्यापते, असा संशोधकांचा निष्कर्ष. त्यावर आक्षेप आले. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर केलेल्या २०१६ च्या अभ्यासात तसा फरक आढळला नाही. तेव्हा एवढ्यावर मोठा सिद्धांत रचू नये. तरी कारखान्याचं बिल थकलेलं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा प्रश्न पुढेही तपासला जावासा वाटेल.

बुद्ध्यांक टाकाऊ मात्र नाही. शाळेतल्या गुणांशी त्याचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.५ च्या आसपास भरतो, आणि मानसशास्त्रात हा मोठाच आकडा. पण त्याचा वर्ग केला तर ०.२५ येतो. म्हणजे मुलामुलांच्या गुणांतल्या फरकाचा पाव भागच याच्याशी जुळतो. विट्याकडचा सोनं गाळणारा गलाई कारागीर कसोटीवरची रेघ पाहून सोन्याचा कस सांगतो. ती नजर कुठल्याही उपचाचणीत, म्हणजे चाचणीच्या एखाद्या भागात, बसत नाही. कायद्यालाही हे मान्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत तर्क, शिकणं, प्रश्न सोडवणं यांच्याबरोबर रोजच्या जगण्यातली कौशल्यंही घेतली आहेत. मूल स्वतः आंघोळ करतं का, दुकानातून सुटे पैसे नीट आणतं का, हे विचारलंच पाहिजे.

चाचणीला जाताना ग्रामपंचायतीचा किंवा दवाखान्याचा मूळ जन्मदाखला न्या, शाळेचा नको. नोंदच नसेल तर लसीकरणाचं कार्ड शोधा. बीसीजीची तारीख बऱ्याचदा जन्माच्या आसपासची असते. घरी कोणती भाषा बोलतात ते आधी सांगा. अहवाल हातात आल्यावर चाचणीचं नाव, प्रमाणकांचं वर्ष आणि प्रत्येक उपचाचणीचे वेगळे गुण पाहा. ठोकळ्यांत १२ आणि शब्दांत ५ असेल, तर एकत्र आकडा बाजूला ठेवून त्या ५ पाशी थांबा.