टुंड्रात झाडं नाहीत, पण दोष हिवाळ्याचा नाही

टुंड्रा म्हणजे थंड प्रदेशातलं उघडं, झाडं नसलेलं माळरान. 'तिथे थंडीच इतकी की झाड जगत नाही' हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. मग सायबेरियातल्या वेर्खोयान्स्कचं काय? तिथे १८९२ साली उणे ६७.८ अंश सेल्सिअसची नोंद झाली, आणि भोवती लार्च या सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे! उलट अलास्काच्या अल्युशियन बेटांवर हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, तरी तिथे मूळची झाडं जवळपास नाहीतच. नुसतं गवत, शेवाळ आणि बुटकी झुडपं.

खरी गोम उन्हाळ्यात आहे. सर्वांत उबदार महिन्याची सरासरी साधारण १० अंशांवर गेली नाही, तर खोड पोसण्याइतकी कमाई झाडाला होत नाही. किनाऱ्यावर समुद्र, धुकं आणि ढग मिळून उन्हाळा गारच ठेवतात.

त्यात वारा. तो बर्फाचे कण कानशीसारखे घासत नेतो. बर्फाच्या थरावर डोकं काढलेली फांदी सोलून निघते. म्हणून इथला विलो चक्क जमिनीवर लोळतो. मॉस कॅम्पियन हे छोटंसं फुलझाड तर उशीसारखी घट्ट गादीच करतं. उन्हाच्या दिवशी त्या उशीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा चांगलीच ऊब असते.

आर्क्टिक महासागराच्या काठी मातीचीही अडचण. उन्हाळ्यात वरची थोडीच माती वितळते, खाली कायमचा गोठलेला थर. पाणी मुरायला जागा नाही, म्हणून पाऊस वाळवंटाएवढा असूनही पायाखाली चिखल. सूक्ष्मजीव मंद, त्यामुळे कुजणं रखडतं आणि नायट्रोजनची चणचण. पक्ष्यांच्या वसाहतीखाली मात्र त्यांच्या विष्ठेमुळे गवत हिरवंगार!