ग्रंथ गुरू कसे झाले: शीख उपासनेची पार्श्वभूमी

कोणत्याही गुरुद्वाऱ्यात चांदव्याखाली, उंच आसनावर, रेशमी रुमाल्यांत गुरू ग्रंथ साहिब विराजमान असतात, मागे उभा असलेला सेवेकरी त्यांच्यावर चवरी ढाळत असतो आणि येणारा प्रत्येक जण डोके झाकून, अनवाणी पुढे जाऊन मस्तक टेकवतो व जमिनीवर संगतीत, म्हणजे जमलेल्या भाविकांत, बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही ग्रंथपूजा वाटते. शीख श्रद्धेनुसार मात्र ती विद्यमान गुरूच्या दरबारातील हजेरी आहे, आणि हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय शिखांची प्रार्थना, विवाहविधी, नामकरण यांपैकी काहीच नीट उलगडत नाही. ग्रंथाला गुरुगादी नांदेड येथे १७०८ मध्ये मिळाली, असे परंपरा सांगते. त्या निर्णयाची बीजे सुमारे दोनशे वर्षे आधी पडलेली होती आणि त्याचा पूर्ण अर्थ आचारात उतरायला पुढे आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

गुरू नानक यांचा जन्म १४६९ मध्ये तलवंडी येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील ननकाना साहिब येथे झाला. दीर्घ भ्रमंतीनंतर त्यांनी रावी नदीच्या काठी करतारपूर वसवले आणि आयुष्याची अखेरची वर्षे तेथे शेती करीत, संगतीसह नामस्मरण करीत घालवली. पहाटे जपुजी या नानकांच्या रचनेचे पठण, सायंकाळी सोदर व आरती या पदांचे गायन आणि सर्वांनी एका पंगतीत बसून घेतलेले अन्न ही तेथील दिनचर्या पुढच्या साऱ्या शीख उपासनेचा पाया ठरली. ईश्वर एक आहे, तो अकाल आहे, जन्ममरणाच्या पलीकडचा आहे, अशी घोषणा जपुजीच्या आरंभीच्या मूलमंत्रातच असल्याने त्याची मूर्ती घडवण्याला या विचारात जागा नव्हती. मग निराकाराशी माणसाचे नाते जोडणार कोण? सिद्धयोग्यांशी झालेल्या संवादाची जी रचना नानकांच्या नावावर आहे, तिच्यात योगी त्यांना विचारतात की तुमचा गुरू कोण. नानक उत्तर देतात, ‘सबद गुरू, सुरति धुनि चेला’. शब्द हा गुरू आहे आणि त्या नादात लीन झालेले चित्त हा शिष्य आहे. गुरुपदी मनुष्यदेह नव्हे तर वाणी आहे, ही भूमिका त्यामुळे पंथाच्या पहिल्या पिढीतच मांडली गेली होती, आणि माझ्या मते नांदेडच्या निर्णयाचे खरे मूळ येथेच शोधले पाहिजे.

१५३९ मध्ये नानकांनी आपल्या पुत्रांना बाजूला ठेवून भाई लहिणा या शिष्याला गादी दिली आणि त्यांचे नाव अंगद ठेवले. या एका कृतीने गुरुपद वंशाचे नसून ज्योतीचे आहे, हे संगतीला कळले. सत्ता आणि बलवंड या मुस्लिम गायकांनी पुढे रचलेल्या वारेत, म्हणजे स्तुतिगीतात, हाच आशय आहे: ज्योत तीच, युक्ती तीच, स्वामीने केवळ काया पालटली. ही धारणा इतकी दृढ होती की नंतरच्या गुरूंनीही आपल्या पदांत ‘नानक’ हीच मुद्रा वापरली, आणि कोणते पद कोणत्या गुरूंचे हे समजण्यासाठी ‘महला १’, ‘महला ३’ असे क्रमांक घालावे लागले. एका देहातून दुसऱ्या देहात जाणारी ज्योत अखेरीस ग्रंथात स्थिर झाली, असे शीख मानतात. हा विश्वास आधीच रुजलेला असल्यामुळेच पुढचे स्थित्यंतर शक्य झाले.

वाणीची जपणूकही याच काळात सुरू झाली. गुरू अंगद यांनी गुरुमुखी लिपीला व्यवस्थित रूप दिले. गोइंदवाल येथे गुरू अमरदास यांच्या देखरेखीखाली पदांच्या पोथ्या लिहिल्या गेल्या, आणि त्यांनीच खऱ्या वाणीशेजारी घुसणाऱ्या ‘कच्च्या बाणी’पासून शिष्यांना सावध केले. ती भीती अनाठायी नव्हती. गुरू रामदास यांच्यानंतर गादी धाकटे पुत्र अर्जन यांच्याकडे गेली, तेव्हा थोरले बंधू प्रिथीचंद यांनी स्वतंत्र गादी मांडली आणि त्यांच्या परिवारात नानकांच्याच मुद्रेने पदे रचली जाऊ लागली. अधिकृत संहिता नसती तर दोन-तीन पिढ्यांत गुरूंची वाणी कोणती हेच सांगता आले नसते.

म्हणून गुरू अर्जन यांनी अमृतसर येथे रामसर सरोवराच्या काठी संकलनाचे काम हाती घेतले. लेखनिक होते भाई गुरदास. १६०४ मध्ये संहिता पूर्ण झाली, हरिमंदिरात, म्हणजे आजच्या सुवर्णमंदिरात, तिची स्थापना झाली आणि वयोवृद्ध बाबा बुड्ढा पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचे वाचक व सेवेकरी, झाले. त्या रात्री ग्रंथाला मंचावर ठेवून गुरू स्वतः खाली जमिनीवर झोपले, असे परंपरा सांगते. जिवंत गुरू ज्याला आपल्यापेक्षा उच्च आसन देतात, त्या ग्रंथाचे स्थान नांदेडच्या शंभर वर्षे आधी काय होते, हे त्या कथेवरून कळते.

संहितेची मांडणीही अभ्यासण्यासारखी आहे. नित्य पठणाच्या रचना आरंभी येतात आणि त्यानंतर विषयवार वा काळानुसार नव्हे, तर रागांनुसार विभागणी केलेली आहे. आजच्या संहितेत ३१ राग आणि १४३० पृष्ठे आहेत. वाणी गाण्यासाठी आहे, हे त्यात गृहीतच आहे. नानकांसोबत रबाब वाजवणारे भाई मरदाना मुस्लिम होते, आणि रबाबी घराण्यांतील मुस्लिम गायक १९४७ पर्यंत हरिमंदिरात कीर्तन करीत असत. प्रत्येक रागात आधी गुरूंची पदे आणि नंतर भक्तांची पदे येतात. या भक्तांत कबीर, रविदास व शेख फरीद आहेत, आणि आपले नामदेवही आहेत.

नामदेवांची ६१ पदे या ग्रंथात आहेत. ती आपल्याला परिचित असलेल्या गाथेतील अभंगांची भाषांतरे नव्हेत, तर उत्तरेत प्रचलित असलेल्या हिंदवी वळणाच्या भाषेत, मराठीच्या खुणा सांभाळून असलेली स्वतंत्र पदे आहेत. ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही’ असे आसा रागातील त्यांचे पद म्हणते. येथे विठ्ठल आहे, पण तो विटेवर नाही. इकडे आणि तिकडे, सर्व विश्वात तोच आहे. पंढरपूरच्या वारकऱ्याला आणि अमृतसरच्या शिखाला हे एकच पद आपापल्या वाटेने आपले वाटावे, ही मला या ग्रंथाची फार मोठी देणगी वाटते. पंजाबातील घुमान या गावी नामदेवांचे स्थान आजही श्रद्धेने जपले जाते आणि २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले. शीख जेव्हा ग्रंथापुढे मस्तक टेकवतो, तेव्हा त्या गुरुरूपात पंढरीच्या शिंप्याची वाणीही असते. जातिभेद नाकारण्याचा उपदेश करणारे पुष्कळ झाले. ज्यांना मंदिराच्या दारात अडवले जात होते त्यांची वाणी गुरुपदी बसवण्याचे उदाहरण मात्र विरळा.

१६०६ मध्ये जहांगीराच्या आज्ञेने लाहोर येथे गुरू अर्जन यांचा छळ करून अंत घडवण्यात आला. पुढचे शतक संघर्षाचे होते. गुरू हरगोबिंद यांनी अकाल तख्त उभारून आध्यात्मिक व लौकिक सत्तेच्या दोन तलवारी धारण केल्या; १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेग बहादूर यांचा शिरच्छेद झाला; १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोबिंदसिंग यांनी खालसा पंथाची, म्हणजे दीक्षित शिखांच्या समुदायाची, स्थापना केली. याच काळात गादीवर हक्क सांगणाऱ्यांची भाऊगर्दी हाही मोठा प्रश्न होता. आठवे गुरू हरकिशन १६६४ मध्ये निवर्तले, तेव्हा बकाला गावात कितीतरी जण स्वतःला गुरू म्हणवून बसले होते. शिवाय गावोगावच्या संगतींवर नेमलेल्या मसंदांनी देणग्या गिळंकृत करायला सुरुवात केली होती आणि गुरू गोबिंदसिंग यांना ती व्यवस्थाच मोडीत काढावी लागली. देहधारी गुरूच्या भोवती मध्यस्थ जमतात, हा अनुभव पंथाने पुरेसा घेतलेला होता.

गुरू गोबिंदसिंग यांनी ग्रंथात आपल्या पित्याची, गुरू तेग बहादूर यांची पदे समाविष्ट केली आणि संहितेला आजचे रूप आले. स्वतःच्या रचना मात्र त्यांनी त्यात घातल्या नाहीत. ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी नांदेड येथे, मारेकऱ्याने केलेल्या जखमेतून त्यांचा अंत झाला. त्यांचे चारही पुत्र त्याआधीच लढाईत व सरहिंद येथे बळी पडले होते. अंतापूर्वी त्यांनी ग्रंथापुढे मस्तक नमवले आणि यापुढे हाच गुरू, अशी आज्ञा दिली, असे शीख परंपरा सांगते. अरदास या सामूहिक प्रार्थनेनंतर सारी संगत उभी राहून जी ओळ म्हणते, ‘सब सिक्खन को हुकम है, गुरू मान्यो ग्रंथ’, ती याच आज्ञेचे स्मरण आहे. वारस उरला नाही म्हणून ग्रंथाला गादी मिळाली, असे स्पष्टीकरण कधीकधी दिले जाते. ते अपुरे आहे. नानकांनी पुत्र असतानाही त्यांना गादी दिली नव्हती, आणि शब्द हाच गुरू हा सिद्धांत त्यांच्यापासूनचाच होता.

गादीबरोबर दरबाराचे सारे उपचारही ग्रंथाकडे आले. गुरूवर चवरी ढाळली जाई, ती ग्रंथावर ढाळली जाऊ लागली. पहाटे ग्रंथ उघडून विराजमान करणे म्हणजे प्रकाश आणि रात्री मिटून विश्रांतिस्थानी नेणे म्हणजे सुखासन. गुरू दूरच्या संगतींना हुकमनामे, म्हणजे आज्ञापत्रे, पाठवीत असत. आता ग्रंथ उघडताच डाव्या पानावर वरती जे पद येईल तो त्या दिवसाचा हुकम मानला जातो. बाळाचे नाव ठेवतानाही त्या पदाचे पहिले अक्षर घेतात. अठराव्या शतकात मोगल व अफगाण फौजांशी झुंजणाऱ्या खालशाच्या सभा ग्रंथाच्या उपस्थितीत भरत आणि तेथे झालेला निर्णय गुरमता म्हणून सर्वांवर बंधनकारक असे. वाणी ग्रंथाची आणि निर्णय पंथाचा, अशी ही सांगड होती.

तरीही एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रत्यक्ष आचारात बराच गोंधळ होता. अनेक गुरुद्वारे महंतांच्या वंशपरंपरागत ताब्यात गेले होते, हरिमंदिराच्या परिसरात मूर्ती होत्या आणि पुष्कळ शिखांचे विवाह पुरोहिताच्या हस्ते अग्नीभोवती लागत. रावळपिंडीच्या बाबा दयाल यांनी ग्रंथाच्या साक्षीने विवाह लावण्याचा आग्रह धरला. १८७३ मध्ये अमृतसर येथे स्थापन झालेल्या सिंघ सभेने सुधारणेला संघटित रूप दिले. १९०५ मध्ये हरिमंदिराच्या परिसरातील मूर्ती हलवण्यात आल्या आणि १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने, गुरू रामदास यांच्या चार लावांवर, म्हणजे विवाहपदांवर, आधारलेल्या, ग्रंथाभोवतीच्या चार फेऱ्यांच्या विवाहाला मान्यता दिली.

या सुधारणेचा निर्णायक क्षण १२ ऑक्टोबर १९२० रोजी आला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील नवदीक्षित शीख हरिमंदिरात कडाह प्रसाद, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, घेऊन आले आणि पुजाऱ्यांनी त्यांच्यासाठी अरदास करण्यास नकार दिला. वाद वाढल्यावर गुरूचाच कौल घ्यायचे ठरले. ग्रंथ उघडला तेव्हा सोरठ रागातील गुरू अमरदास यांचे पद निघाले: जे निर्गुण, गुणहीन आहेत त्यांनाही तो स्वतः क्षमा करतो आणि सद्गुरूच्या सेवेला लावतो. पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. ग्रंथ गुरू आहे हे वचन एरवी श्रद्धेचे वाटते. त्या दिवशी त्याने सामाजिक अन्यायाचा प्रत्यक्ष निवाडा केला. पाठोपाठ शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. फेब्रुवारी १९२१ मध्ये ननकाना साहिब येथे महंताच्या माणसांनी अनेक निःशस्त्र शिखांची हत्या केली. त्यानंतर आंदोलन तीव्र झाले आणि १९२५ च्या कायद्याने पंजाबातील ऐतिहासिक गुरुद्वारे निर्वाचित समितीकडे आले.

याच समितीने १९४५ मध्ये मान्य केलेली रहित मर्यादा ही आचारसंहिता आज बहुतेक गुरुद्वाऱ्यांत प्रमाण मानली जाते. दिवे ओवाळणे, घंटा वाजवणे, नैवेद्य दाखवणे तिने निषिद्ध ठरवले आणि ग्रंथाच्या बरोबरीने दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाची स्थापना करण्यास मनाई केली. नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिब या गुरुद्वाऱ्यात मात्र जुनी परंपरा टिकून आहे. महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेल्या या वास्तूत गुरू ग्रंथ साहिबांबरोबर गुरू गोबिंदसिंग यांच्या नावे असलेल्या रचनांचा दसम ग्रंथही असतो, गाभाऱ्यात गुरूंची शस्त्रे जपलेली आहेत, गोदावरीचे पाणी रोज आणले जाते आणि सायंकाळी दिव्यांची आरती होते. याला विचलन म्हणणारे आहेत; मला ते घाईचे वाटते. निजामाच्या राज्यात, पंजाबपासून दूर राहिलेल्या दखनी शिखांनी सुधारणेच्या आधीची पद्धत जपली, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील शीख आचार कसे असतील याची काही कल्पना तेथे येते.

आधुनिक कायद्यालाही या श्रद्धेची दखल घ्यावी लागली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरू ग्रंथ साहिब हे विधिमान्य व्यक्ती आहेत आणि त्यांच्या नावे मालमत्ता असू शकते, असा निर्णय दिला. त्याच वेळी, मूर्तिपूजा शीख धर्माला मान्य नसल्याने ग्रंथाची तुलना मूर्तीशी करता येणार नाही, हेही स्पष्ट केले. २००८ मध्ये नांदेडला गुरुतागादीची त्रिशताब्दी साजरी झाली. त्याच वर्षी पंजाबने कायदा करून ग्रंथाच्या प्रती, म्हणजे बीड, छापण्याचा अधिकार प्रबंधक समितीकडे सोपवला. छापलेली बीड आजही रुमाल्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, अनवाणी सेवेकऱ्यांसह नेली जाते आणि वापरून जीर्ण झालेल्या प्रतींना गोइंदवाल येथे विधिपूर्वक अग्नी दिला जातो.